कुत्र्याला डिस्टेंपर झाल्याचा संशय आला तर आधी काय आणि मग काय

डिस्टेंपर म्हणजे कुत्र्यांना होणारा विषाणूचा संसर्गजन्य आजार, आणि त्याच्या केसमध्ये घोळ होतो तो बहुतेक वेळा क्रमात होतो. आधी लस टोचून आणतात आणि मग तपासणी करतात, आधी चार-पाच दिवस मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या चालतात आणि मग डॉक्टर, आणि सगळ्यात कॉमन म्हणजे डोळे साफ झाले, खायला लागला की औषधं बंद, मग दोन-तीन आठवड्यांनी फिट येऊन पडतो तेव्हा "हे आता नवीन काय झालं" म्हणून धावपळ. नवीन काहीच नसतं, तोच आजार पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. म्हणून खाली सगळं क्रमाने लिहिलंय आणि शक्यतो त्याच क्रमाने करा.

औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते वजन, वय आणि रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतात. बाकी वेगळं ठेवणं, ताप बघणं, भरवणं, नाक-डोळे पुसणं, नोंद ठेवणं हे आपलं काम, आणि या विषाणूवर थेट मारा करणारं खात्रीचं औषध नसल्यामुळे कुत्रा तगतो की नाही ते बऱ्यापैकी या कामावर अवलंबून असतं.

टप्पा १: हात लावायच्या आधी रेबीजचा विचार

हे सगळ्यात वर ठेवलंय कारण भटक्या कुत्र्याच्या बाबतीत लोक हेच विसरतात. तोंडातून लाळ, जबडा चावल्यासारखा हलणं, तोल जाणं, अंगात झटके, हे डिस्टेंपरमध्येही दिसतं आणि रेबीजमध्येही. नुसतं लांबून बघून कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. लसीचा पत्ता नसलेला कुत्रा असेल आणि वागणं अचानक बदललं असेल, जबडा लटकलेला असेल, पाणी गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल, तर तोंडात काही अडकलंय का म्हणून हात घालायचा नाही. म्हणजे नाहीच. हातमोजे घातले असले तरी नाही.

थांबा: चावला, ओरखडला किंवा लाळ जखमेवर, डोळ्यात, तोंडात गेली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची (डोळ्यात-तोंडात गेली असेल तर तिथे नुसतं भरपूर पाणी) आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन अँटी रेबीज लस सुरू करायची. "तो तर डिस्टेंपरवाला आहे" हे कारण चालत नाही. डिस्टेंपर माणसाला होत नाही हे खरं आहे, पण तो डिस्टेंपरच आहे हे अजून सिद्ध कुठे झालंय.

टप्पा २: वेगळा करा, आत्ताच

रिपोर्ट यायची वाट बघायची नाही. शिंक, खोकला, नाकाचं पाणी, लघवी सगळ्यातून विषाणू बाहेर पडतो आणि लक्षणं दिसायच्या आधीपासून पडत असतो, त्यामुळे घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याचा संपर्क बहुधा झालेलाच आहे, पण अजून भर कशाला. वेगळी खोली, बाथरूम, जिन्याखालची बंद जागा, जे असेल ते. वेगळी भांडी, वेगळं अंथरूण.

सोसायटीतल्या भटक्या पिल्लाला घेऊन थेट बोर्डिंगमध्ये किंवा शेल्टरच्या कॉमन वॉर्डात सोडणं हा दुसरा घोळ. तिथे लस न झालेली वीस पिल्लं असतात आणि आठवड्याभरात सगळी शिंकायला लागतात. पार्किंगचा एखादा कोपरा प्लायवूड लावून बंद केला तरी ते बरं.

कामाचा क्रम: आधी निरोगी कुत्र्यांचं खाणंपिणं, फिरवणं, सगळं उरकायचं, आजाऱ्याकडे शेवटी जायचं. त्याच्याकडून आलं की हात साबणाने, कपडे बदलायचे, चप्पल बाहेर.

आणि लसीचं काय? आजारी कुत्र्याला आत्ता लस द्यायची नाही, आत शिरलेला विषाणू लसीने बाहेर जात नाही. पण त्याच घरातली, गल्लीतली जी कुत्री ठणठणीत आहेत, ताप नाही आणि लस झालेली नाही, त्यांना लगेच लस द्यायची का हे डॉक्टरांना आजच विचारा. इथे उशीर परवडत नाही.

टप्पा ३: सामान जमवा

डिजिटल थर्मामीटर (वेगळा, आणि त्याच्यावर मार्करने ठळक खूण करा, नाहीतर घरात एक दिवस महाभारत होणार), व्हॅसलिन, हातमोजे, कापूस, नॉर्मल सलाइनची बाटली, बिनसुईच्या ५ आणि १० मिलीच्या सिरिंजा, ओआरएसची पाकिटं, जुन्या चादरी, ब्लीच, वही. नेब्युलायझर कोणाकडून मागून मिळाला तर उत्तम. कुत्र्यांचा वजनकाटा नसेल तर कुत्र्याला उचलून माणसांच्या काट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, डॉक्टर पहिला प्रश्न वजनाचाच विचारतात.

टप्पा ४: ओळखायचं कसं

एका लक्षणावरून डिस्टेंपर ओळखता येत नाही, बेरीज करावी लागते. आधी पार्श्वभूमी बघा: साधारण तीन ते सहा महिन्यांचं पिल्लू, लस झालेली नाही किंवा एकच झालीय, आणि गेल्या एक ते चार आठवड्यांत दुसऱ्या आजारी कुत्र्याजवळ होतं, किंवा नुकतंच दुकानातून, ब्रीडरकडून, रस्त्यावरून आणलंय. असं असेल तर नुसत्या सर्दीलाही गंभीरपणे घ्या. मोठ्या कुत्र्याला होत नाही असं अजिबात नाही, लस नसली की कुठल्याही वयात होतो.

ताप: कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त, म्हणून "अंग गरम लागतंय" याला अर्थ नाही आणि नाक ओलं-कोरडं बघण्यालाही नाही. थर्मामीटरला व्हॅसलिन लावून गुदद्वारातून मोजायचं. १०३ च्या वर ताप समजा. डिस्टेंपरचा ताप दोनदा येतो, संसर्गानंतर आठवड्याभरात पहिला, तो एक-दोन दिवसांत उतरतो आणि बहुतेकांच्या लक्षातही येत नाही, मग काही दिवसांनी दुसरा, आणि याच्यासोबत बाकीची लक्षणं. मधल्या दिवसांत कुत्रा बरा वाटतो, इथेच पहिली फसगत.

डोळे आणि नाक: सुरुवातीला पाणी, मग पिवळी-हिरवी घट्ट चिपडं, सकाळी पापण्या चिकटलेल्या. नाकातून शेंबूड, वाळून खपली, श्वास घेताना घरघर. खोकला आधी कोरडा, नंतर ओला.

पोट: खाणं सोडणं, उलट्या, जुलाब. लोक याला पार्वो (विषाणूमुळे होणारा पोटाचा वेगळा आजार) समजतात. पार्वोत जुलाब फार घाण वासाचे आणि बरेचदा रक्ताचे असतात, पण डोळ्यांत पू सहसा नसतो. दोन्ही आजार एकत्रही होऊ शकतात हे डोक्यात ठेवा.

त्वचा: पोटाच्या केस नसलेल्या भागावर पुळ्या, नाकाचा शेंडा आणि पायाच्या गाद्या जाड, कडक, भेगाळलेल्या. गाद्या लगेच कडक होत नाहीत, वेळ लागतो, त्यामुळे गाद्या मऊ आहेत म्हणजे डिस्टेंपर नाही असं समजू नका.

मज्जासंस्था: हे नीट बघायला कुत्रा झोपल्यावर त्याच्याजवळ शांत बसा. कानशिलाचा स्नायू, ओठाचा कोपरा किंवा पुढचा एक पाय ठरावीक लयीत उडत असतो, टक, टक, टक, आणि गाढ झोपेतही थांबत नाही. स्वप्नात कुत्री पाय हलवतात ते वेगळं, त्यात पाय बेताल हलतात, मधेच बारीक भुंकणं असतं, आणि हाक मारली की बंद. लयीतलं उडणं हाक मारली तरी चालूच राहतं. याशिवाय च्युइंग गम चघळल्यासारखा जबडा चालणं आणि तोंडाला फेस, गोल गोल फिरणं, मागचे पाय लटपटणं, डोकं भिंतीला टेकवून उभं राहणं. जे दिसेल त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, क्लिनिकच्या टेबलावर नेमकं तेव्हा काही होत नाही.

तपासा: गोचीड आहेत का? आपल्याकडे गोचीडतापातही ताप, मरगळ, नाकातून रक्त, कधी तोल जाणं असं दिसतं आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. केनेल कफमध्ये (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) खोकला जोरात असतो पण कुत्रा बऱ्यापैकी खात-खेळत असतो. हे भेद डॉक्टरांना सांगायला उपयोगी पडतात, घरी बसून निदान करायला नाही.

टप्पा ५: डॉक्टर आणि टेस्ट

निघायच्या आधी फोन करून "डिस्टेंपरचा संशय आहे" असं सांगा आणि बाहेर रिक्षात किंवा गाडीतच थांबा, वेटिंगमध्ये पहिल्या लसीसाठी आलेली पिल्लं बसलेली असतात. सोबत लसीचं कार्ड, तापाची नोंद, व्हिडिओ, आणि आधी काय काय गोळ्या दिल्यात ते खरं खरं. ओरडा बसेल म्हणून लपवू नका.

टेस्टमध्ये साधारण हे असतं. रॅपिड किट, डोळ्याच्या आतल्या कडेचा किंवा नाकाचा स्वॅब, दहा-पंधरा मिनिटांत उत्तर. पॉझिटिव्ह आलं आणि लक्षणं जुळली तर धरून चालायचं. निगेटिव्ह आलं तर मात्र सुटलो असं नाही, कारण आजार जुना झाला की, किंवा फक्त मेंदूची लक्षणं उरली असली की डोळ्याच्या स्वॅबमध्ये विषाणू सापडेलच असं नसतं. अशा वेळी पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी लॅबची टेस्ट) करा, आणि एकाच स्वॅबवर न थांबता रक्त आणि लघवीचंही सॅम्पल देता येतं का विचारा. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हवंच, त्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी दिसतात का ते बघतात, आणि त्याच रक्तातून गोचीडतापाचीही तपासणी करून घेता येते.

थांबा: गेल्या तीनेक आठवड्यांत डिस्टेंपरची लस दिली असेल तर ते आधी सांगा, लसीतल्या जिवंत विषाणूमुळेही पीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकतो. आणि नुसत्या अँटिबॉडीच्या रिपोर्टवरून लस की आजार ते कळत नाही.

टप्पा ६: उपचार, आणि त्यातला आपला वाटा

डॉक्टर काय देतात ते समजून घ्या म्हणजे मधेच बंद करावंसं वाटणार नाही. अँटिबायोटिक विषाणूसाठी नसतं, प्रतिकारशक्ती कोसळल्यावर छातीत घुसणाऱ्या जिवाणूंसाठी असतं, म्हणून ताप उतरला तरी कोर्स पूर्ण. सलाइन पाण्यासाठी, उलटी थांबायचं इंजेक्शन अन्न टिकावं म्हणून, फिट येत असतील तर फिटची औषधं. कोंबड्यांच्या रानीखेत रोगाची लस टोचून डिस्टेंपर बरा होतो हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच, काही ठिकाणी करतातही, पण ठोस पुरावा नाही. डॉक्टरांशी बोला, पण त्या नादात सलाइन आणि भरवणं मागे पडू देऊ नका.

पाणी. साधारण हिशोब किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिली, म्हणजे ५ किलोच्या पिल्लाला २५० ते ३०० मिली, त्यात सलाइन आणि पातळ खाणं धरलेलं, आणि उलट्या-जुलाब असतील तर तेवढं वरून. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच खाली बसली नाही किंवा हिरड्या चिकट लागल्या तर पाणी कमी पडतंय, तोंडाने भागणार नाही, सलाइनला न्या.

खाणं. नाक बंद असल्यामुळे वास येत नाही आणि वास नाही म्हणून खात नाही, त्यामुळे आधी नाक ओल्या कापसाने साफ करायचं आणि मग कोमट करून द्यायचं. चिकनचं पाणी, कुस्करलेलं चिकन-भात, उकडलेलं अंडं, तांदळाची पेज, थोडं थोडं दिवसातून पाच-सहा वेळा. कांदा-लसूण अजिबात नाही, दोन्ही कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतात. जुलाब असताना दूधही नको.

सिरिंजने भरवताना कुत्रा पोटावर बसलेला, मान सरळ, आडवा झोपलेला नको. सिरिंज गालाच्या बाजूने, एक-दोन मिली, गिळल्याचं गळ्याकडे बघून खात्री करायची आणि मगच पुढचं. मान वर करून घशात ओतलं की ते सरळ फुफ्फुसात जातं, आणि आधीच न्युमोनिया झालेल्या पिल्लाला तेवढं पुरतं. चघळण्याचे झटके चालू असताना किंवा गिळता येत नसेल तर तोंडाने काहीच द्यायचं नाही, नळीने भरवायचं की कसं ते डॉक्टर बघतील.

छाती. नेब्युलायझरमध्ये नुसतं नॉर्मल सलाइन, १०-१५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. नसेल तर गरम पाण्याचा नळ सोडून वाफ भरलेल्या बाथरूममध्ये त्याला घेऊन बसा. मग लगेच तळहाताची ओंजळ करून छातीच्या दोन्ही बाजूंनी हलक्या थापट्या, मागून पुढे. बेडका सुटतो. वाफेच्या पाण्यात बाम किंवा कापूर टाकू नका, कापूर कुत्र्याला विषारी आहे. खोकल्याचं आपलं सिरपही नको, ओला खोकला दाबला की कफ आतच राहतो.

डोळे. सलाइनने भिजवलेला कापूस चिपडांवर मिनिटभर ठेवायचा, मऊ झालं की नाकाकडून बाहेरच्या दिशेने पुसायचं, प्रत्येक डोळ्याला नवा बोळा. डिस्टेंपरमध्ये अश्रू कमी होऊन डोळा कोरडा पडतो आणि बुबुळावर जखम होऊ शकते, म्हणून घरात पडलेले ड्रॉप्स घालू नका, त्यात स्टेरॉइड असेल आणि आत जखम असेल तर डोळा जाऊ शकतो.

आंघोळ बंद. अंगावर घाण लागली तर कोमट ओल्या फडक्याने तेवढंच पुसून लगेच कोरडं.

थांबा: तापासाठी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यातलं काहीही घरच्या डब्यातून द्यायचं नाही. लिव्हर, पोट, किडनी, काहीतरी एक जातंच, आणि मग डॉक्टरला दोन आजार सोडवत बसावं लागतं.

वहीत रोज दोनदा लिहा: ताप, किती प्यायला, किती खाल्लं, शी कशी, झटके किती. ताप १०५ च्या वर किंवा ९९ च्या खाली, श्वासाला पोट जोरात हलणं, हिरड्या निळसर-पांढऱ्या, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न बघता न्या.

टप्पा ७: बरा झालाय असं वाटतं तेव्हा

डोळे स्वच्छ, जेवतोय, शेपटी हलवतोय. पुढचे तीन-चार आठवडे खरे महत्त्वाचे. मेंदूची लक्षणं बऱ्याच कुत्र्यांत याच काळात येतात, काहींत महिन्यांनी, आणि ज्यांची सुरुवातीची सर्दी फारच किरकोळ होती त्यांच्यातही येऊ शकतात. म्हणून नोंद चालू ठेवा, झोपेतले झटके बघत राहा, गच्चीवर किंवा विहिरीच्या काठाजवळ मोकळा सोडू नका, आणि नसबंदीच्या गाडीत याच काळात पाठवू नका.

फिट आली तर: घड्याळ बघा, आजूबाजूचं टणक सामान हलवा, दिवा-आवाज कमी करा. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, कांदा हुंगवणं नाही, हात तर नाहीच. फिट ५ मिनिटांच्या वर गेली किंवा दिवसात दोन-तीन आल्या तर लगेच दवाखाना. फिटची रोजची गोळी सुरू झाली असेल तर ती मनाने एकदम बंद करू नका, बंद केल्यावर येणारी फिट आधीपेक्षा वाईट असते.

लयीतलं उडणं बहुतेक वेळा औषधाने जात नाही, आयुष्यभर राहू शकतं. पण नुसतं तेवढंच असेल, कुत्रा खातोय, चालतोय, ओळखतोय, तर तो मजेत जगू शकतो. आमच्या गल्लीतली एक तपकिरी कुत्री डावा पुढचा पाय सतत उडवत सगळ्यांच्या आधी बिस्किटाला हजर असते. पाय उडतो म्हणून कोणी कायमचं झोपवायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. उलट, औषध असूनही फिट थांबतच नाहीत, गिळता येत नाही, पडून जखमा झाल्यात, अशा कुत्र्याला ओढत राहणं हा त्याच्यावर अन्याय आहे आणि तेव्हा तो विषय आपणच काढायला हवा.

पिल्लू वाचलं तर नंतर येणाऱ्या पक्क्या दातांवर तपकिरी खड्डे दिसू शकतात, दाताचं वरचं आवरण नीट तयार न झाल्यामुळे. त्यासाठी घाबरून काही करायची गरज नाही.

टप्पा ८: सफाई आणि पुन्हा मिसळणं

त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे हा विषाणू शरीराबाहेर चिवट नाही. ऊन, उष्णता, साबण, कशानेही मरतो, थंडीत आणि सावलीत जरा जास्त टिकतो. आधी डिटर्जंटने घाण काढायची, मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी, १० मिनिटं ओलं ठेवायचं, मग धुऊन वाळवायचं. घाणीवरच ब्लीच ओतलं तर उपयोग शून्य. ब्लीचमध्ये टॉयलेटचं अ‍ॅसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. चादरी गरम पाण्यात आणि कडक उन्हात.

कुत्रा मात्र बरा झाल्यावरही दोन-तीन महिने, कधी थोडं जास्त, विषाणू सोडू शकतो. लस न झालेल्या कुत्र्यांपासून तेवढे दिवस लांब, किंवा पीसीआर निगेटिव्ह आल्यावर डॉक्टरांना विचारून.

कुत्रा गेला आणि नवीन पिल्लू आणायचंय तर त्याचा लसीचा कोर्स आधी पूर्ण होऊ दे, मग आणा. पार्वोपण होता असं निघालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही, तो जागेत कितीतरी महिने टिकतो.

टप्पा ९: लस, जिथे सगळे एका डोसवर थांबतात

सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली, मग दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटची सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर. ही शेवटची सगळ्यात महत्त्वाची, कारण आईच्या दुधातून आलेल्या अँटिबॉडी आधीच्या लसी निकामी करू शकतात आणि त्या कधी संपतील ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून "दोन झाल्यात की" म्हणून दहाव्या-बाराव्या आठवड्यात थांबलेली पिल्लं आजारी पडतात आणि मालक लसीला शिव्या घालतात. त्यानंतर सहा महिने ते वर्षाच्या आत बूस्टर, पुढचं वेळापत्रक डॉक्टर देतील. रेबीजची लस यात धरलेली नसते, ती वेगळी.

लस २ ते ८ डिग्री सेल्सिअसमध्ये राहायला हवी, दुपारभर डिकीत फिरलेली टोचून घेऊ नका. जंगलाला लागून गाव असेल तर गावातल्या कुत्र्यांचीही लस करून घ्या, २०१८ मध्ये गीरमधल्या मेलेल्या सिंहांत हाच विषाणू सापडला होता. टोचताना बाटली आपल्यासमोर फोडायला सांगा आणि तिच्यावरचं स्टिकर तारखेसकट कार्डावर चिकटवून घ्या, नुसती सही चालवून घेऊ नका.